दोन सीटची गाडी, पत्ता डोळखांब

शनिवारी सकाळी माझ्या टीममधले लोक एकतर झोपलेले असतात, नाहीतर एखाद्या मॉलच्या बेसमेंटमध्ये पार्किंग शोधत गोल गोल फिरत असतात. मी त्या वेळी आसनगाव लोकलमध्ये असते. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा, शहापूरच्या स्टँडवर डोळखांबची एस.टी., खिडकी मिळाली तर नशीब. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर स्वतःची स्पोर्ट्‌स कार चालवायला.

हसा, सगळेच हसतात. पण हिशेब सोपा आहे. कल्याणच्या सोसायटीत आम्हाला पार्किंग एकच. तिथे नवऱ्याची समजूतदार, पाच सीटची, चांगलं अॅव्हरेज देणारी गाडी उभी. दुसरी गाडी ठेवायची तर बाहेर भाड्यानं जागा घ्या, आणि ते भाडं बघितलं की वाटतं एवढ्यात गाडीला वन बीएचके मिळेल. मग माझी गाडी गेली माहेरी. डोळखांबला काकांचा गोठा रिकामा होता. शेणानं सारवलेली जमीन, वर पत्रा, एका कोपऱ्यात नांगर आणि मधोमध लाल रंगाची, कंबरेएवढ्या उंचीची, दोन सीटची कूपे.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. ऐकलंय? नाही ना? गाड्यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या दहा मित्रांना विचारा. आठ जण म्हणतील, ‘सॅन... काय?’ नववा म्हणेल, ‘हां, ती बंगलोरवाली!’ आणि दहावा तोंड वाकडं करेल. या दहाव्यासाठीच हा लेख.

आधी ‘कूपे’चं बघू. आपल्याला कूपे माहीत तो रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला, दोन बर्थचा, नवपरिणितांच्या नशिबी असलाच तर येणारा. मोटारीतली कूपे त्याच फ्रेंच शब्दातून आली. कूपे म्हणजे कापलेली. पूर्वी घोडागाडीची एक बैठक कापून ती दोघांपुरती केली, म्हणून ती कूपे. दोन दारं, उतरतं छप्पर, मागच्या माणसांची काळजी न करणारी गाडी. आता हा योगायोग बघा. माझी कूपे ज्यांनी बनवली ते मुळात रेल्वेवालेच!

रेल्वे इंजिनवाल्यांची मोटार

बंगळूरची सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह ही कंपनी कारखान्यांच्या यार्डात डबे ओढणारी छोटी डिझेल इंजिनं वगैरे बनवणारी. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिच्या सॅन मोटर्सनं स्टॉर्म आणली. डिझाइन फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपचं, बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं. ११४९ सीसी, चार सिलिंडर, साधारण ६० बीएचपी. रेनोच्या भाषेत डी७एफ. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होतं. म्हणजे पॅरिसमध्ये भाजी आणायला जाणाऱ्या बायकांचं इंजिन. उघड्या टपाची स्टॉर्म होती, बंद टपाची कूपेही होती. माझी बंद टपाची, २००१ सालची.

तुम्हाला वाटेल, असल्या गाडीला परदेशात कोण विचारणार? तर ब्रिटनमध्ये रिलायंट कंपनीनं काही काळ ती आयात केली. रिलायंट, आपली रिलायन्स नव्हे! मिस्टर बीन ज्या निळ्या तीनचाकी गाडीला दर वेळी आडवी पाडतो, ती गाडी याच रिलायंटची. २००० च्या सुमारास स्वतःच्या गाड्या बनवणं थांबवून ते आयातदार झाले आणि त्यांच्या यादीत आपली ही बंगळूरची पोरगी जाऊन बसली. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला होता, शाळेतली मैत्रीण टीव्हीवर दिसल्यासारखा.

मग आपल्याकडे तिचं नाव का झालं नाही? १९९८ चं वर्ष आठवून बघा, किंवा तेव्हा तुम्ही चौथीत असाल तर बाबांना विचारा. जानेवारीत होंडा सिटी आली. त्याच वर्षी सँट्रो आली, मॅटिझ आली, सफारी आली. वर्ष संपता संपता इंडिका आली आणि तिच्यासाठी लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून रांग लावली. अख्खा मध्यमवर्ग पहिल्यांदाच पर्याय हातात घेऊन उभा होता. आणि गंमत म्हणजे मोटारींवर लिहिणारी आजची मोठी मासिकंही तेव्हाच जन्माला येत होती. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ चं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ चं. त्यांच्या वाचकाला एकच प्रश्न पडलेला होता. आयुष्यातली पहिली गाडी कोणती घेऊ? पाच जण बसतील का, डिकीत सिलिंडर मावेल का, पेट्रोल किती खाईल, विकताना किती येतील. या परीक्षेत दोन सीटच्या गाडीला कोण पास करणार?

जिथे वेगाचा पेपर होता तिथेही ती बसली आणि मार्क कमी पडले. होंडा सिटीचं १.५ लिटरचं इंजिन १०० बीएचपी द्यायचं, तेही चार दारं आणि सासू-सासऱ्यांसकट. ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणवणारी स्टॉर्म ६० वर. सिग्नल सुटल्यावर फॅमिली सेडान पुढे आणि स्पोर्ट्‌स कार मागे. निकाल लागला! पुढची २० वर्षं तिच्याबद्दल कुणी काही लिहिलंच, तर ‘भारतातल्या विसरलेल्या दहा गाड्या’ या यादीत सातव्या नंबरवर दोन ओळी.

मला हा निकाल मान्य नाही. इंग्लंडमध्ये १९५८ साली ऑस्टिन-हिली स्प्राइट नावाची चिमुकली गाडी आली. बॉनेटवर बेडकासारखे डोळे, ९४८ सीसी, ४३ बीएचपी. तेवढ्यावर अख्खा देश फिदा झाला, आजही तिचे क्लब आहेत. हलकी गाडी, बुड जमिनीला टेकलेलं, मोजकी ताकद, आणि ती ताकद पूर्णच्या पूर्ण वापरता येणं, हा स्पोर्ट्‌स कारचा एक जुना, सभ्य प्रकार आहे. जपान्यांनी १९८९ मध्ये मिआटा काढली ती हाच धागा धरून. ज्यांना हा प्रकार माहीत होता त्यांच्यासाठी स्टॉर्म होती. असे लोक आपल्याकडे फार नव्हते, एवढंच.

दारं वाढवणारा देश

खरं तर दोन दारांशी आपलं वाकडंच आहे. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड, दोन दारांची, देखणी. दशक संपायच्या आत आपण तिला आणखी दोन दारं लावली. चार दारांची हेराल्ड ब्रिटनमध्ये बनलीच नाही, तो खास भारतीय आग्रह! १९९१ मध्ये टेल्कोनं पुण्याहून टाटा सिएरा आणली. बाजूला दोनच दारं, मागे वर वळलेली मोठी काच. काळाच्या पुढची गाडी म्हणून आज सगळे उसासे टाकतात. तेव्हा मात्र ‘मागे कसं चढायचं?’ म्हणून नाक मुरडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा परत आली. किती दारांची? बरोबर ओळखलंत. मारुतीनं उलटा प्रयोग केला होता. २००३ मध्ये झेनची दोन दारं कमी करून ‘कार्बन’ आणि ‘स्टील’ अशा मोजक्याच गाड्या काढल्या. आज त्या जपणारे लोक त्यांना देव्हाऱ्यात ठेवतात.

आणि टाटांची रेसिमो आठवते? २०१७ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये दाखवली होती. दोन सीट, इंजिन मधोमध, १९० पीएस. आम्ही ऑफिसात लंच सोडून तिचे फोटो बघत बसलो होतो. ती विक्रीला आलीच नाही. मुंबईच्या डीसी डिझाइनची अवंती मात्र रस्त्यावर आली. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत तिच्याभोवती एवढी गर्दी, की गाडीपेक्षा मोबाइल जास्त दिसत होते. तिचंही इंजिन रेनोचंच, पण दोन लिटरचं टर्बो, २५० बीएचपीचं. तिला कव्हरं मिळाली, कौतुक मिळालं, शिव्याही मिळाल्या. दुर्लक्ष हा प्रकार तिच्या वाट्याला आला नाही.

माझ्या गाडीला शिव्यासुद्धा मिळाल्या नाहीत हो. कुणी रागावलं असतं तरी चाललं असतं.

पारावरचे टेस्ट ड्रायव्हर

मी गाडी घेतली २०१४ मध्ये, एका बऱ्यापैकी बुलेटच्या किमतीत. तेव्हा लग्न झालं नव्हतं, पहिलं बरं अॅप्रेझल हातात पडलं होतं आणि ईएमआय नावाचा प्राणी अजून घरात आला नव्हता. घेऊन थेट डोळखांबला गेले.

मासिकांनी नाही केली, ती समीक्षा गावानं केली. तासाभरात वीस माणसं जमली. एकानं वाकून खालून बघितलं, दुसऱ्यानं बॉनेटवर टिचकी मारली आणि जाहीर केलं, ‘प्लॅस्टिक हाय.’ तिसऱ्यानं दार उघडून मागे हात घातला आणि तो सीट शोधत राहिला. काकीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, ‘काय गो बाय, मागं बसाचं कुठं?’ मी म्हटलं, दोघांचीच गाडी आहे. ती म्हणाली, ‘मंग पैसं पण अर्धंच दिलंस ना?’

सांगायचं म्हणजे गावाचा प्रश्न मासिकांपेक्षा वाईट नव्हता, खोल होता. डोळखांबसारख्या ठिकाणी गाडी कुणा एकाची नसतेच. इको असो की जुनी जीप, ती बाजारची असते, लग्नाची असते, बाळंतिणीची असते, रात्री-अपरात्री शहापूरच्या दवाखान्याची असते. उन्हाळ्यात पाण्याचे ड्रमही तिच्यातच भरतात. तानसा आणि भातसा धरणांचा आमचा शहापूर तालुका मुंबईला पाणी पुरवतो आणि एप्रिल-मे उजाडला की इथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघतात, हे तुम्ही दर वर्षी पेपरात वाचतच असाल. अशा गावात ज्या गाडीत हंडा मावत नाही, ती गाडी कसली? पारावर बसलेल्या आजोबांनी तिला नाव ठेवलं ‘नवरा-नवरी’. गावात ती अजून याच नावानं ओळखली जाते. ‘नवरा-नवरी आली का गोठ्यातून भायेर?’

चोंढ्याचा रस्ता

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती सांगते.

ऑक्टोबर सुरू झाला की मी ताडपत्री काढते, बॅटरीच्या तारा जोडते आणि पहिल्या सकाळी चोंढ्याच्या बाजूला निघते. तिथे घाटघर प्रकल्पाचं खालचं धरण आहे. रात्री विजेला मागणी नसते तेव्हा पाणी वर घाटघरला चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, असा २५० मेगावॉटचा प्रकल्प, २००८ पासून चालू असलेला. पण आपण धरण बघायला जात नाही आहोत. आपण रस्त्यासाठी जातो आहोत.

अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मध्येच सागाची रांग, आणि समोर आकाश अडवून उभा असलेला आजोबाचा डोंगर. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता, लव-कुश तिथे खेळले, असं इकडे सगळे मानतात. मुंबई-पुण्याचे ट्रेकर्स डोळखांबवरूनच डेहण्याला जातात, म्हणजे तुमच्यापैकी काही जण माझ्या काकांच्या घरासमोरून नक्की गेले असणार. या रस्त्यावर शंभरचा वेग शक्यच नाही. सरळ असा पट्टा फार तर तीनशे मीटरचा, मग वळण, मग पूल, मग आश्रमशाळेसमोरचा स्पीडब्रेकर, मग रस्त्याच्या मधोमध बसलेलं कुत्रं, जे तुम्हाला बघतं आणि उठत नाही.

१५० बीएचपीची गाडी इथे आणा. काय कराल? दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरला हात लावल्यासारखं कराल आणि लगेच ब्रेक. गाडीची पाव ताकदसुद्धा वापरायला मिळणार नाही. सायलेंट केबिन, थंड एसी, आणि तुम्ही आपले व्हॉट्‌सअॅपवरचं गाणं ऐकत.

स्टॉर्ममध्ये तसं नसतं. बसलात की रस्ता इतका जवळ येतो की खडी मोजता यावी. बैल शेजारून गेला तर त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या लेव्हलला. एस.टी. ओलांडताना तिचं चाक तुमच्या कानाशी फिरतं. इतक्या खाली बसल्यावर चाळीसचा वेग सत्तरसारखा वाटतो. दुसरा गिअर पूर्ण ताणा, छोटं इंजिन वरच्या पट्टीत गायला लागतं, तिसरा टाका, वळण आलं, पाय उचला, स्टेअरिंग जरासं वळवा आणि ती वळते. पाठीमागे ओढायला काही वजनच नाही. साठच्या साठ घोडे पळवायचे आणि काटा मात्र कायद्यात! रोज आठ तास एक्सेल शीटमध्ये घालवणाऱ्या माणसाला ‘जेवढं आहे तेवढं सगळं वापरलं’ ही भावना किती दुर्मिळ असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेणवे, किन्हवली करत सरळगावला निघालं की कल्याण-माळशेजचा मोठा रस्ता लागतो. तिथे मात्र ती बिचारी होते. मागून येणारी प्रत्येक एसयूव्ही लाइट मारते. पत्रकारांनी तिची परीक्षा अशाच रस्त्यांवर घेतली असणार, असा माझा संशय आहे. डोळखांबला कोण कशाला येतंय?

फायबर, रेझिन आणि म्हैस

अशी गाडी सांभाळायची कशी, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर ऐकून बरेच जण विषय बदलतात.

सर्व्हिस सेंटर नाही. इंजिन सोपं आहे, शहापूरच्या मिस्त्रीला ते दोन तासांत समजलं. पार्ट मिळणं अवघड. पण क्लिओ आणि ट्विंगो युरोपात ढिगानं विकल्या गेल्या, त्यामुळे टायमिंग बेल्टचा किट, गॅस्केट, वॉटर पंप या गोष्टी तिकडे आजही मिळतात. माझी कॉलेजची मैत्रीण लियॉंला असते. ती दिवाळीला येते तेव्हा बाकीच्यांसाठी चॉकलेट आणि परफ्यूम, माझ्यासाठी क्लचप्लेट. एकदा कस्टम्समध्ये तिला बॅग उघडायला लावली होती. ‘ये क्या है, मॅडम?’ ‘गिफ्ट आहे,’ म्हणाली.

पावसाळा हा मोठा शत्रू. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो म्हणजे कोसळतोच. फायबरला गंज लागत नाही, पण खालचा सांगाडा लोखंडाचा, त्याला लागतो. म्हणून दर मे महिन्यात खालून ब्रश मारून अंडरकोटिंग. चार महिने गाडी दगडांवर चढवलेली, बॅटरी घरात, सायलेन्सरच्या तोंडात फडकं. तरी उंदीर वायरिंग कुरतडतातच. डांबरगोळ्या, तंबाखू, सगळे उपाय करून झाले. शेवटी काकांच्या मांजरीनं आपणहून ड्रायव्हर सीटवर मुक्काम टाकला आणि तो प्रश्न सुटला. एक वर्ष मात्र ताडपत्रीखाली कोंबडी खुडूक बसली होती, ते प्रकरण वेगळं.

बॉडीचं काम त्या मानानं मजेचं. २०१९ मध्ये एका म्हशीनं पुढच्या मडगार्डला शिंग लावलं आणि वीतभर तडा गेला. पत्र्याची गाडी असती तर ठोका, पुट्टी मारा, रंगवा. फायबरला डेंटर लागत नाही. भिवंडीजवळ बागेतल्या घसरगुंड्या बनवणारा एक कारागीर शोधला. त्यानं तडा घासून रुंद केला, आतून काचेच्या धाग्यांची चटई लावली, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशनं ती भिजवली, हवेचे बुडबुडे रोलरनं दाबून काढले आणि वाळू दिलं. असे तीन थर. मग पॉलिश पेपर, मग रंग. दुसऱ्या दिवशी तडा कुठे होता ते मलाही सापडेना. हार्डनर किती घालायचा हे उन्हावर अवलंबून असतं, हे त्यानंच शिकवलं. कडक ऊन असेल तर कमी, नाहीतर हातातल्या डब्यातच दगड होतो. लहान ओरखडे आता मी स्वतः बुजवते. ऑफिसात नखांना रेझिन चिकटलेलं बघून एचआरवाल्या मुलीनं विचारलं होतं, ‘नेल आर्ट?’

तिसरी सीट

आता जे सांगायचं आहे ते जरा वेगळं. २०२३ च्या डिसेंबरमधली गोष्ट. लग्नसराई होती. गावातल्या दोन्ही इको एका वऱ्हाडात मुरबाडकडे गेलेल्या. रात्री साडेदहाला काकांच्या छातीत कळ आली. घाम, डावा हात जड. आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, शहापूरला न्या, थांबू नका. मी वीकएंडला आलेली होते. दारात एकच चारचाकी होती, आणि ती दोघांची.

काकांना शेजारी बसवलं, सीट जेवढी मागे झुकते तेवढी झुकवली. काकी दाराशी आली. ती आत बसायलाच आली होती, हातात पिशवी, शाल, पाण्याची बाटली. आणि जागा नव्हती. मी तिला काही बोलले नाही, बोलायला वेळच नव्हता. ती पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली, डिसेंबरच्या थंडीत.

गाडी त्या रात्री जशी चालली तशी मी ती कधीच चालवली नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ होता, त्याचा उपयोग झाला. पाऊण तासाचं अंतर त्याहून कमी वेळात कापलं. काका सगळा वेळ छपराला हात लावून बसले होते आणि मधूनच म्हणत होते, ‘हळू, म्हस येल.’ शहापूरला उपचार झाले, मग ठाण्याला अँजिओप्लास्टी झाली. आता बरे आहेत, बिडी सुटली आहे, निदान आमच्यासमोर तरी.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. काका म्हणतात, ‘हिनं नेला मला.’ काकी म्हणते, ‘मला नाय नेला.’ दोघंही खरं बोलतात. मला काकीचं जास्त पटतं, पण ते मी काकांसमोर म्हणत नाही.

दहा हजारांचा प्रश्न

आणि आता यंदाची भानगड. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझी २०१६ ला झाली, २०२१ ला झाली, आता २०२६ ला पुन्हा. २०२१ मध्ये शुल्क होतं ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १०,००० केलं. तपासणी, पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट वेगळी. एका ऑनलाइन फॉर्मवर कंपनीच्या नावांची यादी उघडली तर तिथे ‘सॅन’च नाही! ‘इतर’ निवडलं तर पुढचं पान उघडेना. तीन ठिकाणी फोन, दोन अर्ज, एक अर्धा दिवस रजा. कुठे काय झालं ते इथे लिहीत नाही, काम अजून चालू आहे.

नवरा शांतपणे म्हणाला, ‘विकून का टाकत नाहीस?’ प्रश्न रास्त होता, म्हणून चौकशी केली. भंगारवाल्यानं आधी उत्साहानं वजनकाटा काढला, मग बॉडीवर टिचकी मारली आणि त्याचा चेहरा पडला. लोखंड वितळतं, अॅल्युमिनियम वितळतं. फायबरग्लास एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याला भाव नाही. खालच्या सांगाड्याचे आणि इंजिनचे म्हणून त्यानं जो आकडा सांगितला, त्यात आमचा एका वीकएंडचा लोणावळा होतो. एका हौशी माणसानं फोटो मागवले, खूप कौतुक केलं आणि विचारलं, ‘यात स्विफ्टचं इंजिन बसेल का?’ त्याला मी उत्तर दिलेलं नाही.

दरम्यान चुलतभावानं पॉवर टिलर घेतला. त्याला गोठा हवा. तो बरोबरच आहे, टिलर शेतीचा, त्यावर घर चालतं. माझ्या गाडीवर फार तर माझा मूड चालतो. दोन रविवार घरात यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे काका बोलले, चुलतभाऊ गप्प बसला आणि काकी भांडी जोरात घासत राहिली.

शेवटी निवाडा काकीनंच केला. टिलर आत राहणार. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर. तिच्या बदल्यात मी काय करायचं, तर मी गावात असेन तेव्हा बाजाराच्या दिवशी तिला न्यायचं आणि आणायचं, पिशव्यांसकट, आणि काकांनी त्या दिवशी चालत यायचं. पहिल्या फेरीला मांडीवर कांद्यांची पिशवी आणि पायाशी सुकट घेऊन ती बसली. पारावरून हाक आली, ‘नवरा-नवरी कुठं चालली?’ काकीनं काच खाली केली आणि जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

नूतनीकरणाचे पैसे भरले आहेत. तपासणीच्या आधी डावा इंडिकेटर, हँडब्रेकची केबल आणि मागच्या काचेचं रबर एवढं करायचं आहे. केबलसाठी लियॉंला मेसेज टाकलाय. जूनपर्यंत गोठ्याचा पत्रा तीन फूट पुढे वाढवायचा, असं चुलतभाऊ म्हणतोय. नाही झालं तर टप आत, बॉनेट पावसात. बॉनेट फायबरचंच आहे.